बियाण्याचे कणीस आणि पैदाशीचा बोकड

ज्वारीची काढणी आली की जुने शेतकरी एक काम न विसरता करत. सगळ्यात भरलेली, टपोऱ्या दाण्यांची, कीड न लागलेली कणसे निवडून ती वेगळी बांधून ठेवत. ते पुढच्या वर्षाचे बियाणे. घरात धान्याची कितीही चणचण असली तरी त्याला कोणी हात लावत नसे. चांगले खाऊन टाकले आणि किडके पेरले तर शेतात काय उगवेल, हे कळायला शाळा शिकावी लागत नव्हती.

आता आपल्या दारातल्या शेळ्यांकडे पाहू. बकरी ईद जवळ आली की व्यापारी दारात येतो. दावणीला बांधलेल्यांपैकी सर्वांत उंच, अंगाने भरलेला, तजेलदार बोकड तो निवडतो आणि त्याचा सौदा होतो. कुर्बानीचा बोकड वर्ष पूर्ण झालेला, निरोगी आणि निर्दोष असावा लागतो, म्हणून चांगल्या बोकडाला मागणी असणारच. त्यात गैर काहीच नाही. कित्येक घरांत त्या पैशावर मुलांची फी, घराची डागडुजी, मुलीच्या लग्नाची तयारी अवलंबून असते.

पण मागे कोण राहतो? ज्याला व्यापाऱ्याने बोटही लावले नाही तो. उशिरा जन्मलेला, वाढ खुंटलेला, कायम अशक्त राहिलेला. जी चांगली करडे ईदसाठी लहानपणीच खच्ची केली, त्यांचा वंश तर तेव्हाच थांबला. मग तो उरलेला बोकड वर्षभर कळपातल्या शेळ्या फळवत राहतो. कणसाच्या बाबतीत जे आपल्या आजोबांनी कधी केले नसते, ते आपण बोकडाच्या बाबतीत दरवर्षी करतो. काही वर्षांनी तक्रार सुरू होते की, “पूर्वीसारखी शेळी राहिली नाही, करडे वजन धरत नाहीत.” हा नशिबाचा दोष नाही. गुण पिढ्यान्‌पिढ्या कसे उतरतात हे समजून घेतले, तर त्यावर उपायही घरातच सापडतो.

गुण दडून बसतो

गुण उतरण्याचा हिशोब पहिल्यांदा मांडला तो ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूने. आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ब्रनो शहरातल्या मठाच्या बागेत १८५६ पासून सुमारे आठ वर्षे तो वाटाणे लावत आणि मोजत होता. गोल दाण्यांच्या वाटाण्याचा त्याने सुरकुतलेल्या दाण्यांच्या वाटाण्याशी संकर केला. पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल निघाले. सुरकुतलेपणा जणू संपला. पण तेच गोल दाणे पेरून त्यांचे पीक घेतले, तेव्हा सुरकुतलेले दाणे पुन्हा हजर झाले. मेंडेलने मोजले तर ५,४७४ दाणे गोल होते आणि १,८५० सुरकुतलेले. म्हणजे जवळपास तीनास एक.

याचा अर्थ असा की, प्रत्येक गुणासाठी जीवाजवळ दोन चिठ्ठ्या असतात, एक आईकडची आणि एक बापाकडची. आज आपण त्यांना जनुके म्हणतो. दोन चिठ्ठ्यांवर वेगवेगळे लिहिलेले असेल, तर कित्येकदा एकीचेच चालते आणि दुसरी गप्प राहते. गप्प राहते, पण नाहीशी होत नाही. पुढच्या पिढीत दोन्हीकडून गप्प चिठ्ठ्याच आल्या की दडलेला गुण बाहेर येतो. मेंडेलचा निबंध १८६६ मध्ये छापून आला, पण त्याचे महत्त्व जगाला कळले १९०० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी.

शेळीत याचे सोपे उदाहरण म्हणजे शिंगे. धाराशिव, लातूर भागातल्या काळ्याभोर उस्मानाबादी शेळ्यांत भुंड्या, म्हणजे बिनशिंगी शेळ्या पुष्कळ दिसतात. शेळीत भुंडेपणाची चिठ्ठी जोरदार असते, एक जरी आली तरी शिंगे येत नाहीत. पण नर आणि मादी दोघेही भुंडे असतील, तर काही करडांना भुंडेपणाच्या दोन्ही चिठ्ठ्या मिळतात. असे करडू मूळचे मादी असेल, तर ते धड शेळी होत नाही आणि धड बोकडही होत नाही. ते वांझ राहते. लोक त्याला नजर लागली म्हणतात किंवा शेळीला दोष देतात. भुंड्या शेळीला शिंगवाला बोकड लावला की हा प्रश्न येत नाही.

बोकड कधी वीत नाही, तरी

“शेळी जुळी देते, बोकडाचा त्यात काय संबंध?” हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर मेंढीच्या एका गोष्टीत आहे, आणि ती गोष्ट आपल्याच राज्यात घडली आहे.

बंगालच्या सुंदरबनात दलदलीच्या मुलखात गारोल नावाची मेंढी असते. अंगाने अगदी लहान, वजन जेमतेम चौदा-पंधरा किलो, पण एका वेताला दोन-तीन कोकरे देणारी. १७९० च्या दशकात अशा काही बंगाली मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियात गेल्या. पुढे तिथल्या बुरूला मेरिनो या मेंढ्यांत जुळ्या-तिळ्यांचा जो गुण दिसला, त्याचे मूळ या बंगाली मेंढ्यांत सापडते. त्यामागे एकच जनुक आहे. शास्त्रज्ञ त्याला फेक-बी म्हणतात. २००१ मध्ये त्यातला नेमका बदल सापडला आणि तो रक्ताच्या तपासणीतून ओळखता येऊ लागला.

आपली दख्खनी मेंढी काटक असते, मैलोन्‌मैल चालते, पण बहुधा एकच कोकरू देते. सातारा जिल्ह्यातल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गारोलचा हा गुण दख्खनी मेंढीत आणण्याचे काम हाती घेतले. पहिल्या संकरात जुळ्यांचा गुण आला, पण गारोलचे लहान अंगही आले. मग त्या संकरातल्या, फेक-बी असलेल्या जनावरांचा पुन्हा दख्खनीशी संकर झाला, पुढच्या पिढीत पुन्हा तसेच. प्रत्येक पिढीत गारोलचे रक्त निम्म्याने कमी होत गेले, पण दर वेळी फेक-बी असलेलीच कोकरे पैदाशीला ठेवल्यामुळे तो एक गुण टिकून राहिला. यातून तयार झालेल्या मेंढीला नारी सुवर्णा असे नाव मिळाले. तिचे अंग दख्खनीसारखे असते आणि ती पुष्कळदा जुळी देते.

यातली ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही की, हा गुण मेंढपाळांच्या कळपात मेंढ्यावाटे, म्हणजे नरावाटे नेता येतो. मेंढा स्वतः कधी वीत नाही. त्याच्या अंगावर जुळ्यांची काही खूण नसते. तरी ती चिठ्ठी तो आपल्या मुलींना देतो. शेळीत जुळ्यांचा गुण एकाच जनुकावर अवलंबून नाही. त्यात अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो आणि चाऱ्याचा वाटा तर मोठाच असतो. पण नियम तोच. बोकडाची आई जुळी देणारी असेल, भरपूर दूध देणारी असेल, तर ते गुण त्याच्यामार्फत तुमच्या दारातल्या पाठींमध्ये उतरू शकतात.

आता हिशोब करा. चांगली सांभाळलेली शेळी दोन वर्षांत तीन वेळा विते. तिचे रक्त वर्षाला दोन-तीन करडांत जाते. एक बोकड वीस-पंचवीस शेळ्यांना पुरतो. त्याचे रक्त वर्षभरात जन्मलेल्या प्रत्येक करडात निम्मे असते. म्हणून शेळी चुकीची निवडली तर एका शेळीपुरते नुकसान होते, बोकड चुकीचा ठेवला तर सगळा कळप खाली येतो.

आणखी एक गोष्ट. पाठ जन्मणार की बोकड, हेही नराकडून येणाऱ्या गुणसूत्रावरच ठरते. माणसांतही तसेच आहे. मुलगीच झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्यांनी हे एकदा नीट समजून घ्यावे.

बाप आणि लेकी एकाच दावणीला

दुसरी मोठी चूक म्हणजे एकच बोकड वर्षानुवर्षे ठेवणे. त्याच्या मुली आठ-दहा महिन्यांत वयात येतात आणि त्याच बोकडाकडून फळतात. बोकडाकडे एखाद्या दोषाची गप्प चिठ्ठी असेल, तर त्याच्या अंगावर काहीच दिसत नाही. त्याच्या निम्म्या मुलींकडे ती चिठ्ठी जाते, त्याही निरोगीच दिसतात. पण अशी मुलगी त्याच बोकडाकडून गाभण राहिली, तर तिच्या दर चार करडांत सरासरी एकाला दोन्ही चिठ्ठ्या दोषाच्याच मिळतात. मग करडे अशक्त जन्मतात, लवकर दगावतात, शेळ्या उलटतात. अशा कळपात औषधपाण्यावर कितीही खर्च केला तरी मूळ कारण तसेच राहते.

माणसांतल्या थॅलेसेमियाचा हिशोबही असाच आहे. आई आणि बाप दोघेही वरून निरोगी, पण दोघांकडे ती गप्प चिठ्ठी असेल, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता बाळाला गंभीर आजार होण्याची असते. जवळच्या नात्यात लग्न ठरत असेल तेव्हा तर मुलामुलीची रक्ततपासणी आधी करून घेणे शहाणपणाचे आहे. तपासणी साधी असते.

चारा किती, रक्त किती

बाजारात उभा असलेला गुबगुबीत बोकड पाहून भुलू नये. त्याला भरपूर खुराक मिळाला असेल, तर ते वजन मालकाच्या खर्चाचे आहे, वंशाचे नाही. खाल्लेला खुराक पुढच्या पिढीत उतरत नाही. म्हणून तुलना सारख्यांची करावी. एकाच गोठ्यातली, एकाच सुमारास जन्मलेली, सारखाच चारा खाल्लेली करडे पाहावीत. त्यांत जे पुढे जाते, त्याच्या वाढीत रक्ताचा वाटा असण्याची शक्यता जास्त. जुळ्यातले करडू एकट्या करडाहून थोडे मागे राहते, कारण दूध वाटून मिळते. तेवढी सवलत त्याला द्यावी.

घरात करता येईल असे

शेळ्यांची राखण, दूध, बाळंतपण हे पुष्कळ घरांत बाईच्या हातचे काम असते. कोणती शेळी दर वेताला जुळी देते, कोणती करडाला जवळ घेत नाही, हे तिला पाठ असते. सौदा मात्र पुरुष करतात आणि तेव्हा तिला कोणी विचारत नाही. खरे तर सगळ्यात मोलाची माहिती तिच्याकडेच असते. म्हणून व्यापारी दारात येण्याआधी घरात बसून एक गोष्ट ठरवावी, यंदा कोणता बोकड विकायचा नाही.

निवड करताना एवढे पाहावे. बोकडाची आई जुळी देणारी आणि दुधाची असावी. त्याचे पाय सरळ आणि मजबूत असावेत. वरचा आणि खालचा जबडा नीट जुळलेला असावा. दोन्ही अंड सारखे आणि पूर्ण उतरलेले असावेत, एकच अंड असलेला बोकड पैदाशीला ठेवू नये, कारण हा दोष वंशात उतरतो. बाकीचे बोकड खुशाल ईदला विकावेत. ज्यांना पैदाशीला ठेवायचे नाही, त्यांना वेळेवर वेगळे बांधावे किंवा खच्ची करावे, नाहीतर निवडलेला बोकड एकीकडे आणि शेळ्या फळवणारा दुसराच, असे होते.

मुलांच्या शाळेच्या जुन्या वहीत चार रकाने आखावेत. आई कोण, बाप कोण, जन्माची तारीख आणि तीन महिन्यांचे वजन. ताणकाटा गावात कोणाकडे ना कोणाकडे असतोच. आठवी-नववीतल्या मुलीला हे काम सोपवले, तर तिला मेंडेलचा धडाही वेगळा शिकवावा लागणार नाही.

आणि दर दोन वर्षांनी बोकड बदलावा. नवा विकत घेणे परवडत नसेल, तर दुसऱ्या गावातल्या नातेवाइकांशी अदलाबदल करावी. तुमचा चांगला बोकड त्यांच्याकडे, त्यांचा तुमच्याकडे. दोघांच्याही कळपात नवे रक्त येते आणि खिशातून काही जात नाही.

एक चांगला बोकड मागे ठेवला, तर यंदाच्या ईदला हातात चार पैसे कमी पडतील, हे खरे. पण वर्षभरात त्याच्या रक्ताची तीस-चाळीस करडे दारात उभी राहतात. त्यांतले बोकड पुढच्या ईदला बाजारात उभे राहतील आणि पाठी दावणीला राहून कळप वाढवतील. आपल्या मुलांना आपण किती शेळ्या देऊन जातो, यापेक्षा कसल्या शेळ्या देऊन जातो याचा विचार या ईदच्या आधी व्हावा.