जकात गेली, आता हात पसरा!

दोस्तांनो, कर माफ झाला की पेढे कोण वाटतं ते आधी बघा. मग बिल कुणाच्या नावावर फाटतं ते बघा.

२०१३ साली एलबीटीविरुद्ध व्यापाऱ्यांनी शटरं खाली ओढली. सरकार वाकलं. १ ऑगस्ट २०१५ पासून वर्षाला ५० कोटींच्या आत उलाढाल असलेल्यांना एलबीटी माफ. ५० कोटी! हा म्हणे छोटा व्यापारी! १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, उरलीसुरली एलबीटी गेली, मुंबईची जकातही गेली. आपला सफाई कामगार ‘कायम करा’ म्हणून वर्षानुवर्षं बोंबलतोय. त्याच्यापुढं कुणाची मान इतकी झटकन वाकली?

जकात नाक्यावर खाबूगिरी होती, खरं. बोजा शेवटी गिऱ्हाइकावर पडायचा, तेही खरं. मग जकात गेल्यावर तुमच्या वाण्यानं डाळ स्वस्त दिली? सांगा ना!

जकात हे मुंबई महापालिकेचं सगळ्यात मोठं उत्पन्न होतं. तिच्या जागी राज्य सरकारची भरपाई आली. पहिला चेक ६४७ कोटींचा, तोही समारंभ करून! शहर आपलं, घाम आपला, आणि दाता मंत्रालयात! बाबासाहेबांनी १९२५ च्या ग्रंथात ब्रिटिश अमलातल्या प्रांतांचा हिशेब मांडलाय. १८७१ पासून प्रांतांना वरून रक्कम नेमून मिळायची, त्यात भागवायचं. तो ग्रंथ फोटोला हार घालण्यासाठी नाही, वाचण्यासाठी आहे. ज्याच्या हाती कर नाही, त्याच्या हाती कारभार नाही.

१९९३ ला ७४ वी घटनादुरुस्ती लागू झाली. पाणी, सफाई, आरोग्य, झोपडपट्टी सुधारणा ही शहराची कामं म्हणून यादीत आली. कर कुठला लावायचा, ते मात्र विधिमंडळाच्या मर्जीवर. काम तुमचं, किल्ली आमची!

शेठच्या पोराला पालिकेची शाळा लागत नाही. त्याला प्रायव्हेट हॉस्पिटल आहे, टँकर आहे. पालिकेचा नळ, संडास, दवाखाना, शाळा यांवर जगतो आपण. तिजोरी आटली की कात्री इथंच लागणार. आणि गटारात उतरतो तोही आपलाच माणूस. ठेकेदारी आधीपासून होतीच. आता ‘पैसा नाही’ हे निमित्त तिला आयतं मिळालंय.

म्हणून मागणी साफ आहे: शहराला स्वतःचा कर द्या. बड्या धेंडांची मालमत्ता कराची थकबाकी वसूल करा. झाडूवाल्याला कायम करा. भीक नको, हिशेब द्या!

जयभीम!