‘फेअर’ म्हणजे काय रे भाऊ?

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. भांडण ‘फेअर’ या इंग्रजी विशेषणावरून आहे, पण त्या बिचाऱ्या शब्दाशी नाही. ते आहे आपल्याशी, म्हणजे हा शब्द लग्नाच्या बायोडेटात लिहिणाऱ्या, वाचणाऱ्या आणि दुसऱ्याला लिहायला लावणाऱ्या सगळ्यांशी. आमची नातेवाईक मंडळी हा ब्लॉग वाचतात हे मला ठाऊक आहे. वाचाच!

आधी शब्दाची ओळख करून घेऊ. (जत्रेचा, पुस्तक प्रदर्शनाचा ‘फेअर’ वेगळा, तो लॅटिनमधल्या सणाच्या दिवसावरून आलेला. प्रवासभाड्याचा ‘फेअर’ आणखी तिसराच. देवनागरीत तिघे सख्खे भाऊ दिसतात, नातं मात्र काहीही नाही.) विशेषण असलेला फेअर जुन्या इंग्रजीतला. मूळ अर्थ सुंदर, मनाला बरं वाटेल असा. गोरेपणा त्याला नंतर चिकटला. निःपक्षपाती, न्याय्य हा अर्थही नंतरचाच, मध्ययुगीन इंग्रजीत आलेला.

बाकी संसारही मोठा आहे त्याचा. आभाळ मोकळं असलं की हवा फेअर. जुन्या बॅरॉमीटरच्या तबकडीवर वादळ, पाऊस, बदल यांच्यानंतर हा शब्द छापलेला असतो. खाडाखोड नसलेली प्रत म्हणजे फेअर कॉपी. आपल्या शाळेत रफ वही आणि फेअर वही असायची, कचेरीत अजूनही साहेब ‘मसुदा फेअर करून आणा’ म्हणतात. आणि एक गंमत ऐका. गुड, फेअर, पुअर अशी प्रतवारी असते तिथे फेअर म्हणजे जेमतेम! जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याने पुस्तकापुढे ‘फेअर’ लिहिलं तर समजायचं की पुस्तक वापरून पार दमलेलं आहे, वाचता येईल इतकंच. तेव्हा ‘मुलगी फेअर आहे’ याचा एक अर्थ ‘मुलगी बरी आहे, चालवून घ्या’ असाही होतो, बरं का.

आता सांगा, या सगळ्या अर्थांतून महाराष्ट्रात सगळ्यात नीट अर्थ कुणी उचलला? माझं उत्तर आहे, ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याने. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात 2009 साली दुरुस्ती झाली आणि आधीच्या किमान वैधानिक दराच्या जागी ‘फेअर अँड रिम्युनरेटिव्ह प्राइस’ आली. सरकारी मराठीत रास्त आणि किफायतशीर दर, आणि कोल्हापूर-सांगलीकडे लहान पोरालाही ठाऊक असलेली ‘एफआरपी’. साखरेच्या उताऱ्यावर ती ठरते, आणि ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे असा नियम आहे. ते मिळाले नाहीत की शेतकरी रस्त्यावर उतरतो. त्याला फेअरचा अर्थ विचारा. जे माझ्या हक्काचं आहे ते पुरतं आणि वेळेवर दे, हा तो अर्थ. रेशनच्या दुकानावरच्या पाटीवर ‘रास्त भाव’ असतं तोही हाच फेअर. रास्त शब्द फारसीतून आला, अर्थ सरळ, खरा. 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या इंग्रजी नावातही फेअर आहेच, योग्य भरपाई या अर्थाने.

म्हणजे बांधावरचा माणूस या शब्दात न्याय शोधतो. आणि शिकलेसवरलेले आपण? आपण त्यात कातडी शोधतो.

मध्यंतरी आमच्या नात्यातल्या एका मुलीचा बायोडेटा फॅमिली ग्रुपवर आला. शिक्षण, नोकरी, उंची, रास, नाडी सगळं भरलेलं. ‘कॉम्प्लेक्शन’पुढे मात्र तिने जागा कोरी ठेवली होती. मुद्दाम. झालं! सल्ल्यांचा पाऊस सुरू. ‘फेअर लिहून टाक, कोण बघतंय.’ ‘फेअर नको, भेटल्यावर कळेल, व्हीटिश लिही.’ ‘फोटोचा ब्राइटनेस जरा वाढव.’ तिने कमावलेली पदवी, तिचं स्वतःच्या पैशांनी घेतलेलं घर, यावर एकानेही चकार शब्द काढला नाही. गेली दहा वर्षं ती स्वतःच्या पायावर उभी आहे, आणि आपण सगळे मिळून तिला काय शिकवत होतो, तर खोटं कसं लिहायचं!

यावर मला तीन उत्तरं मिळाली आहेत. तिन्हींचा समाचार घेतो.

पहिलं उत्तर असं की हा सगळा इंग्रजीचा दोष. गोरा, सुंदर आणि न्यायी या तिघांना एकच शब्द, म्हणजे भाषाच वर्णद्वेषी. अर्धसत्य आहे. इंग्रजीत ही गाठ आहेच. 1609 साली छापलेल्या शेक्सपिअरच्या सॉनेटांत क्रमांक 127 पासून एक सावळी स्त्री येते आणि काळा रंग सुंदर कसा, याची वकिली कवीला करावी लागते. पण आपली मराठी काय धुतल्या तांदळासारखी आहे? जुन्या मराठीत ‘गोमटे’ म्हणजे सुंदर, चांगलं. रंगाचा संबंध नव्हता. आज तो शब्द ‘गोरागोमटा’ या जोडीबाहेर बोलण्यात सापडतो का बघा. फेअरचं जे झालं तेच गोमट्याचं झालं, आणि ते करायला कुणी इंग्रज आला नव्हता. प्रतिष्ठेने जगणाऱ्याचा माथा उजळ, बेअब्रू झालेल्याचं तोंड काळं. आणि मुलगी ‘रंगाने जरा डावी’. इंग्रजी शब्द आपण घेतला तो एवढ्यासाठीच की ‘गोरी मुलगी पाहिजे’ म्हणायची लाज वाटते, ‘फेअर’ म्हणायची वाटत नाही.

दुसरं उत्तर, ‘अहो, ते नुसतं वर्णन आहे, उंचीसारखं.’ बरं. उंचीच्या रकान्यात पाच फूटही असतं आणि पाच-आठही असतं. रंगाच्या रकान्यात ‘सावळी’ किंवा ‘काळी’ लिहिलेलं तुम्ही कितीदा वाचलंत? तिथे फेअर, व्हेरी फेअर आणि व्हीटिश एवढंच असतं. ज्या प्रश्नाची खरी उत्तरं लिहायची सोय नाही तो प्रश्न वर्णन विचारत नाही, लायकी विचारतो. आणि व्हीटिश म्हणजे तरी कुठला गहू? लोकवन की खपली? पिठाच्या गिरणीत सुद्धा इतकं मोघम बोलून चालत नाही.

तिसरं उत्तर सगळ्यांचं लाडकं. ‘आपला विठोबा सावळा, कृष्ण सावळा, द्रौपदी सावळी, आपल्याकडे कुठे आहे भेद?’ विठोबा सावळा चालतो, कारण तो सून म्हणून घरात येत नाही. ज्यांच्या देव्हाऱ्यात सावळा देव आहे त्यांच्याच बैठकीत सावळी मुलगी चहा देऊन आत गेली की कुजबुज सुरू होते. अभंगातला रंग बैठकीत उपयोगी पडत नाही.

बाजाराला तरी थोडी लाज वाटली. 1975 पासून विकल्या जाणाऱ्या ‘फेअर अँड लव्हली’मधला फेअर 2020 मध्ये गेला आणि तिथे ‘ग्लो’ आला. त्याच वर्षी ‘शादी डॉट कॉम’ने रंगावरून स्थळं चाळायची सोय काढून टाकली. पण ट्यूबवरचं नाव बदललं म्हणून आतला हेतू बदलतोच असं नाही. उद्या बायोडेटात ‘ग्लोइंग’ लिहायला लागू आपण!

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. रकान्यात दुसरा, सौम्य शब्द शोधू नका. तो रकानाच काढा. मुलाच्या बायोडेटातून काढा आणि मुलीच्याही. फोटो असतो, प्रत्यक्ष भेट असते, आणि डोळे सगळ्यांना आहेत.

आणि ‘फेअर’ हा शब्द लग्नात हवाच असेल तर जरूर आणा, पण एफआरपीवाला आणा. लग्नाचा खर्च दोन्हीकडून निम्मा निम्मा, हे फेअर. बदली झाली तर नोकरी कुणी सोडायची हे दोघांनी बसून ठरवायचं, हे फेअर. तिच्या आईचं आजारपण आणि त्याच्या आईचं आजारपण या घरात एकाच वजनाने मोजलं जाईल, हे फेअर. बायोडेटात हे लिहिणारं एखादं स्थळ आलं तर मला जरूर कळवा. रंग मी विचारणार नाही.