रोजचेच आहे, बसा

आपल्या गावात पाहुण्याला जेवायला बोलावण्याची रीत अजून चांगली टिकून आहे. उणे पडले आहे ते निराळेच: न बोलावता आलेल्याला, घरात जे शिजले असेल त्यावर, बसवून घेणे. बोलावलेल्या पाहुण्यासाठी तांबडा-पांढरा रस्सा होतो, पुरणावर तुपाची धार पडते, वेळप्रसंगी बाहेरून डबेही येतात. पण सकाळी आठाच्या सुमारास दारात उभ्या राहिलेल्या माणसाला आपण चहा विचारतो आणि आतल्या कढईवर झाकण ठेवतो. त्याला वाटे लावले, की मग पोह्यांच्या बश्या भरल्या जातात. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते, "आज घरात काही विशेष नव्हते हो."

मी गाण्याचा मास्तर. स्वयंपाकघरातल्या गोष्टींवर लिहिण्याचा माझा अधिकार तो केवढा! परंतु हे झाकण मीही पुष्कळ वर्षे ठेवीत आलो, आणि ते ठेवल्याने काय होते हे मला फार उशिरा कळले. कळले तेही येथे नव्हे, नंदगडला.

कोल्हापूरहून कागल, निपाणी, संकेश्वर करीत बेळगाव गाठावे, तेथून खानापूर, आणि खानापूरच्या पुढे हल्याळच्या बाजूला वळावे, म्हणजे नंदगड लागते. संगोळ्ळी रायण्णाला इंग्रजांनी २६ जानेवारी १८३१ रोजी फाशी दिले ते येथे. त्याची समाधी गावात आहे. घाटावरचा आणि गोव्याकडचा माल एकमेकांस भेटावा अशी ही जुनी पेठ. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा सारा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही, पण घरात मराठी, कचेरीत कानडी, बाजारात दोन्ही आणि अधूनमधून कोकणी, असा तेथला व्यवहार आहे, आणि ताटातही तो उतरतो. आपण ज्याला उप्पीट म्हणतो तो शब्दच मुळी पलीकडचा: 'उप्पु' म्हणजे मीठ, 'हिट्टु' म्हणजे पीठ. पुण्या-मुंबईकडचे लोक त्याला उपमा म्हणतात आणि आपण उप्पीट म्हटले की गालात हसतात. त्यांना हसू द्यावे. कोल्हापूर, निपाणी, बेळगाव या पट्ट्यात सकाळी एकाच नावाने एकच पदार्थ मागितला जातो, हे सीमेच्या नकाशावर कोठेही दाखवलेले नाही.

माझी एक विद्यार्थिनी नंदगडला दिली आहे. तिच्या आग्रहावरून मी दर वर्षी श्रावणात आठ दिवस तेथे जातो आणि तिच्या सोप्यावर जमणाऱ्या मुलांना शिकवतो. पहिल्या वर्षीची गोष्ट. मुक्काम दुसरीकडे होता. पाऊस असा, की खानापूर तालुक्यातला पाऊस ज्याने पाहिला नाही त्याला सांगून कळायचे नाही. वेळेचा अंदाज चुकून मी सकाळी सातालाच तिच्या दारात जाऊन उभा राहिलो. घरची माणसे चुलीपाशी बसली होती. रात्रीच्या तांदळाच्या भाकऱ्या ताकात कुस्करलेल्या, वर कांदा, बाजूला हिरव्या मिरचीचा खर्डा. एका पातेलीत हुलग्याचे माडगे होते. मी ओशाळून मागे फिरणार, तोच विद्यार्थिनीच्या सासूबाई म्हणाल्या, "मास्तर, जाऊ नकासा. रोजचंच आहे, बसा." आणि उत्तराची वाट न पाहता त्यांनी चौथी पितळी ओढली. आपल्या वाटणीतला कुस्करा तिच्यात घातला, नातवाच्या ताटातून थोडा काढला, वर ताक ओतले. झाले. कोणी धावपळ केली नाही, कोणी शिरा करायला उठले नाही, "आधी कळवले असते तर" असेही कोणी म्हटले नाही.

त्या शिळ्या भाकरीला ताकाने एक बारीक आंबटपणा आला होता आणि खर्ड्यातले मीठ जाडे होते. गेल्या कित्येक वर्षांत मी इतके निवांत जेवलो नव्हतो. पाहुणा म्हणून बसले की माणूस मोजून खातो. येथे मोजायला काही नव्हते, कारण जे होते ते साऱ्यांच्या देखत वाटले गेले होते. आणि तेथे बसल्या बसल्याच मला माझ्या एका विद्यार्थ्याची आठवण झाली. ती सुखाची नव्हती.

हा मुलगा पन्हाळ्याच्या बाजूच्या एका खेड्यातून दर रविवारी पहिल्या एसटीने माझ्याकडे येई. साताला तंबोरा लागे, नऊपर्यंत तालीम चाले. आवाज गोड, समज उत्तम. पण तासाभराने तो खाली बसे. तार षड्जावर जाई आणि टिकत नसे. मी रागावत असे. "दम नाही तुझ्यात. रियाज करीत नाहीस," असे मी त्याला इतरांदेखत म्हटलेले आहे. त्याच वेळी आत फोडणी पडत असे. रविवारी आमच्याकडे बहुधा आदल्या रात्रीचा भात फोडणीला घालतात, नाही तर कांदेपोहे. एकदा आईने आतून विचारलेही होते, "त्या मुलाला देऊ का रे?" मी म्हणालो, "शिळा भात काय द्यायचा? बरे दिसत नाही." त्याला चहा आणि दोन बिस्किटे मिळत. वर्षभराने तो यायचा थांबला.

पुढे चार-पाच वर्षांनी तो मला स्टँडवर भेटला. कागलच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागला होता. गाण्याचे विचारले तर नुसता हसला. मग बोलता बोलता सहज म्हणाला, "सर, आमच्याकडनं पहिली गाडी पाचला सुटायची. आई उठायच्या आत निघायचो. तुमच्याकडं पोह्यांचा वास यायचा बघा, त्यानं मधेच ताल चुकायचा." तक्रार नव्हती. गंमत म्हणून सांगितले त्याने. मीही हसलो, आणि बसमध्ये बसल्यावर मला कोठे पाहावे ते कळेना. सकाळी पाचपासून उपाशी असलेल्या पोराला मी दम वाढवायला सांगत होतो, आणि चार पावलांवरचा भात शिळा म्हणून त्याच्यापासून लपवीत होतो. लाज मला भाताची वाटली होती. जिची वाटायला हवी होती ती गोष्ट वेगळीच होती.

आमचे घर दरबारी गवयांचे म्हणवले जाते. वस्तुस्थिती अशी, की आजोबा दरबारात गात, आणि वडील १९४६ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांच्यामागे तंबोऱ्यावर बसू लागून पुढे स्वतः चाकरीत घेतले गेले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. म्हणजे वडिलांची चाकरी उणीपुरी तीन वर्षांची. त्या तीन वर्षांवर आम्ही पाऊणशे वर्षे मिरवीत आलो! त्या काळच्या मेजवान्यांचे वर्णन ऐकावे म्हणून मी लहानपणी त्यांच्या मागे लागत असे. त्यांना पंक्तीतले काहीही आठवत नसे. आठवे ते एकच. रात्रीची बैठक संपली की पहाटे ते आपल्या तबलजींच्या घरी जात, आणि तबलजींची आई ज्वारीची भाकरी आणि गरम आमटी दोघांपुढे ठेवी. तबलजी मुसलमान, आमचे घर सोवळ्याओवळ्याचे, साल १९४७. आजीला कळले तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता. आजोबांनी मात्र एवढेच विचारले, "पोट भरले ना?" आमच्या घरात या प्रश्नाची पुढे म्हणच झाली. मी ती लोकांना मोठ्या अभिमानाने सांगतही असे. माझ्या विद्यार्थ्याला मात्र तो प्रश्न मी कधी विचारला नाही.

गाण्याची विद्या आपल्या भागात आली तीच मुळी परक्यांच्या घरचे खाऊन. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) किंवा रामकृष्णबुवा वझे यांनी ग्वाल्हेरची गायकी मिळवण्यासाठी केलेली पायपीट आणि काढलेले उपास सर्वश्रुत आहेत. गरीब विद्यार्थ्याने सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे वार लावून जेवण्याची चालही जुन्या मंडळींना ठाऊक आहे. त्या चालीचे कौतुक करताना एक गोष्ट आपण गाळतो. वार लागत ते ठराविक जातीच्याच मुलांचे. बाकीच्यांना ती घरे बंदच होती. म्हणूनच तर शाहू महाराजांना १९०१ पासून या शहरात एकामागून एक बोर्डिंगे काढावी लागली: मराठ्यांची, जैनांची, मुसलमानांची, लिंगायतांची, आणि अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क यांच्या नावाचे. खेड्यातल्या मुलाला शाळेत नाव घालता येई. दुपारी जेवायचे कोठे, हा खरा प्रश्न होता.

आणि त्याच महाराजांनी गंगाराम कांबळ्यांच्या दुकानापाशी गाडी थांबवून, चारचौघांदेखत, चहा घेतला. मेजवानी नव्हे, चहा. मला हे फार मार्मिक वाटते. मोठ्या समारंभाची पंगत काय, तेथे माणसे आपापल्या जागी बसवता येतात, अंतरे राखता येतात. रोजच्या चहाला, न्याहारीला तशी सोय नसते. तेथे बसलेला माणूस घरचा होतो, नाही तर त्याला बसवताच येत नाही. महाराजांच्या बरोबरच्यांनाही तो चहा घ्यावा लागला. एखाद्या मोठ्या सहभोजनाने जे झाले नसते ते त्या कपाने केले, असे मला वाटते.

आता एक आक्षेप. माझ्या पत्नीनेच तो घेतला, आणि तो खोटा नाही. ती म्हणाली, "या-बसा म्हणणारे तुम्ही, करणारे कोण?" जुन्या घरांची दारे सताड उघडी असत, असे आपण लिहितो. ती कोणाच्या पाठीवर उघडी होती ते लिहीत नाही. माझी आई शेवटी जेवे. अवचित दोघे आले की तिच्या वाट्याला खरवड आणि ताक उरे, आणि हे आम्ही भावंडांनी पाहिले असूनही पाहिले नव्हते. तेव्हा मी म्हणतो ते त्या दिवसांकडे परत जायचे असे नव्हे. उलट, पाहुणा आला की दोन भाज्या आणि एक गोड वाढवायचे, ही सक्तीच बाईच्या जिवावर उठते. म्हणूनच रोजचे वाढावे. आहे त्यातले वाढावे, कमी पडले तर सगळ्यांनी थोडे थोडे कमी घ्यावे, आणि ज्याला माणसे बोलवायची हौस आहे त्याने कढईपाशी उभे राहावे.

त्याप्रमाणे आता रविवारचे उप्पीट मी करतो. यात फुशारकी नाही, पहिल्या दोन महिन्यांत पोरांनी जे सोसले ते त्यांनाच माहीत. रवा मंद आचेवर भाजायचा, खमंग वास सुटेपर्यंत. घाई केली की तो वरून तांबूस दिसतो, आत कच्चा राहतो आणि पाणी घातल्यावर गोळे धरतो. एक वाटी रव्याला मी अडीच वाट्या उकळते पाणी घेतो. नंदगडला तीन वाट्या घालतात, त्यांचे मऊ होते, आणि वर ओले खोबरे हात आखडून घालीत नाहीत. फोडणीत उडदाची डाळ, कढीलिंब, हिरवी मिरची, थोडे आले. चवीला साखर घालावी की नाही यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. आठला तंबोरे खाली ठेवायचे, सगळ्यांनी सोप्यावर गोल बसायचे, आणि मग दुसरा तास. कोणी आदल्या रात्रीची भाकरी डब्यातून आणतो, कोणी शेंगदाण्याची चटणी. एक मुलगी आणते ती तिच्या आजीची गव्हाची खीर, सणाची उरलेली. उरलेले आणायला सुरुवातीला मुले लाजत. एकदा मी आमचा फोडणीचा भात सर्वांपुढे ठेवला, तेव्हा ती भीड मोडली.

दुसऱ्या तासाला आवाज वर जातात. याला मी शास्त्र म्हणत नाही, पण जातात खरे.

कागलच्या त्या मुलाला मी निरोप धाडला होता. दिवाळीनंतरच्या एका रविवारी तो आला. मिठाईचा पुडा घेऊन आला होता, तो मी कपाटात ठेवला. गाण्याचा विषय त्याने काढला नाही आणि मीही काढला नाही. मुलांच्या गोलात मांडी घालून त्याने दोन वेळा उप्पीट घेतले. मी विचारले, कसे झाले आहे? तो म्हणाला, "चांगलं आहे सर. मीठ थोडं कमी पडलंय."