वाढत्या अंगाचे स्केट्स

‘वाढत्या अंगाचं घ्या’ हे वाक्य ऐकल्याशिवाय आपल्याकडे एकही मूल मोठं होत नसावं. गणवेश वाढत्या अंगाचा, स्वेटर वाढत्या अंगाचा, मुंजीतला सदरा वाढत्या अंगाचा. मी ३४ वर्षं शाळेत शिकवलं. दर जूनला वर्गातल्या निम्म्या मुलांची बोटं बाह्यांमध्ये हरवलेली असायची. त्यात काही बिघडत नव्हतं. बाही दुमडता येते, आतून टीप घालता येते, वर्षभराने ती उसवता येते. आणि मुख्य म्हणजे सैल सदरा घातला म्हणून कोणी तोंडावर आपटत नाही.

स्केट्सचं तसं नाही. पण हे कोणाला सांगायचं?

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज संध्याकाळी स्केटिंग चालतं. २०-२५ मुलं असतात. माझी नातही त्यात आहे, म्हणून मी कठड्यावर बसून असते. दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी नवे इनलाइन स्केट्स घेऊन येतं. एका ओळीत चार चाकं, चकचकीत बूट. मग ठरलेलं नाटक सुरू. पहिला आठवडा कौतुकाचा. दुसऱ्या आठवड्यात टाचेला फोड. तिसऱ्या आठवड्यात नेमकं सहा वाजता पोट दुखायला लागतं. चौथ्या आठवड्यात मूल दिसेनासं होतं आणि आई सांगते, "तिला इंटरेस्टच नाही हो!"

मला हे वाक्य अजिबात पटत नाही. इंटरेस्ट मुलीला होता. तो आपण मोठ्या माणसांनी घालवला. चुकीचं माप घेऊन, चुकीचे सल्ले देऊन, आणि तिच्याच स्केट्सना तिला हात लावू न देऊन. आज या तिन्हींबद्दल जरा स्पष्ट लिहिणार आहे. घरातल्यांनी राग मानू नये. (मानलात तरी लिहिणारच!)

"तुम्ही मराठीच्या बाई, तुम्हाला यातलं काय कळतं?" असं एका बाबांनी मला विचारलंच आहे. मी स्केट्स कधी पायात घातले नाहीत आणि आता या वयात घालणारही नाही. पण मला वाचता येतं. स्केट्सच्या खोक्यात जो माहितीचा कागद येतो तो सगळे जण खोक्याबरोबर रद्दीत टाकतात, मी तो चष्मा लावून वाचला. शिवाय रोज तासभर मी फक्त पायांकडेच बघत असते. एवढी पात्रता पुरे.

पहिली गोष्ट मापाची. दुकानदार सांगतो, "दोन नंबर मोठे घ्या, दोन वर्षं बघायला नको." आईबाबा खूश. आता हा बूट मुळात कसा आला ते बघा. १९८० च्या सुमारास अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या स्कॉट आणि ब्रेनन ऑल्सन या भावांनी बर्फावरच्या हॉकीचे बूट घेऊन त्यांच्या तळाला एका ओळीत चाकं बसवली. उन्हाळ्यात बर्फ नसतानाही सराव करता यावा म्हणून. म्हणजे या बुटाचं घराणं हॉकीच्या बुटाचं. तो ताठ असतो कारण त्याला घोटा धरून ठेवायचा असतो. आणि घोटा धरायचा तर टाच आत घट्ट बसायला हवी.

दोन नंबर मोठ्या बुटात काय होतं? टाच उचलली जाते, पाऊल पुढे-मागे सरकतं, घोटे आतल्या बाजूला पडतात. मग ते आवरायला आई लेस करकचून बांधते. त्याने पावलाच्या वरच्या भागावर दाब येऊन बोटांना मुंग्या येतात. मूल म्हणतं, "बूट घट्ट होतोय." आणि मग पुढच्या वेळी आणखी एक नंबर मोठा! याला काय म्हणावं?

माप घ्यायला फार विद्वत्ता लागत नाही. संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. मुलाला भिंतीला टाच लावून उभं करा आणि सर्वांत लांब बोटापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. दोन्ही पाय मोजा, ते सारखे असतातच असं नाही. ते माप कंपनीच्या तक्त्याशी ताडून बघा, शाळेच्या बुटाच्या नंबराशी नको. बूट घालून ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकेच टेकली पाहिजेत, आणि गुडघे वाकवले की किंचित मागे आली पाहिजेत. मोजे पातळ, अंगाबरोबर बसणारे आणि बुटाच्या काठाच्या वर येणारे. सैल बूट भरून काढायला दोन-दोन मोजे चढवणं म्हणजे चुण्यांना आणि फोडांना आमंत्रण.

"पण पाय वाढतो त्याचं काय?" रास्त प्रश्न. त्यासाठी कळ दाबून किंवा स्क्रू फिरवून तीन-चार नंबरांपर्यंत लांबवता येणारे मुलांचे स्केट्स मिळतात. पाय वाढेल तसा एक-एक नंबर सरकवायचा. मात्र विकत घेतल्या दिवशीच तो शेवटच्या नंबरावर नेऊन ठेवायचा नाही! हेही एका घरी बघितलं आहे.

दुसरी गोष्ट नवे बूट चावण्याची. आपण कोल्हापुरी वहाण घेतो तेव्हा काय करतो? तेल लावतो, घरातल्या घरात घालून फिरतो, हळूहळू ती पायाची होते. नवी कोरी वहाण घालून पहिल्याच दिवशी कोणी पर्वती चढायला जात नाही. आणि स्केट्सच्या बाबतीत मात्र दुपारी खोकं उघडायचं आणि संध्याकाळी मुलाला दीड तासाच्या क्लासला सोडायचं. मूल रडलं तर सर म्हणतात, "चावू देत, सवय होईल. दुखल्याशिवाय खेळ येत नाही." हे वाक्य ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. वर्गात छडी मारणारेही असंच काहीतरी म्हणत असत.

खरं म्हणजे नव्या बुटात दोन गोष्टींना वेळ द्यायचा असतो: बुटाच्या आतल्या अस्तराला आणि मुलाच्या पायाला. अस्तरात फोम असतो. पायाच्या उबेने आणि दाबाने तो दबून पायाचा आकार घेतो. म्हणून नवा बूट थोडा आवळ वाटणंच बरोबर. दुकानातच जो ऐसपैस वाटतो तो महिन्याभराने खुळखुळा होतो. पहिले तीन-चार दिवस घरीच १५-२० मिनिटं घालू द्या. आधी बसून, मग उभं राहून, मग गुडघे वाकवून. घालायचीही रीत आहे. पाऊल आत घातलं की टाच जमिनीवर आपटून मागे बसवायची. मग लेस, बोटांकडे सैलसर आणि वर येताना घट्ट. मग टाच धरून ठेवणारा तिरका पट्टा. सर्वांत शेवटी वरचं बकल. दहा मिनिटांनी थांबून पुन्हा सगळं तपासायचं, कारण तोवर फोम दबलेला असतो.

आणि दुखणं सगळं सारखं नसतं. तळपाय भरून येत असेल तर ते बहुधा स्नायूंचं दमणं असतं, विश्रांती घेतली की थांबतं आणि काही दिवसांत कमी होतं. बोटं बधिर होत असतील तर लेस जास्त आवळली आहे, सैल करा. कातडी घासून लाल होत असेल तर टाच हलते आहे किंवा मोज्याला चुणी आहे. फोड येण्याआधी तिथे चिकटपट्टी लावा आणि कारण शोधा. पण घोट्याचं हाड किंवा करंगळी रोज त्याच एका जागी टोचत असेल तर त्याची ‘सवय’ कधीच होत नाही. तो बूट त्या पायाचा नाही. जाणकाराकडून तेवढी जागा फुगवून घ्या, नाहीतर बदला. मुलाला "कुठे दुखतंय, कसं दुखतंय?" एवढं विचारलं तरी अर्धं काम होतं. पण विचारतो कोण!

आता चाकं. यात तर बाबा लोकांचा उत्साह ओसंडून वाहतो. "आमच्याकडे एबेक नऊ आहेत!" एबेक ही अमेरिकेतल्या बेअरिंग बनवणाऱ्या इंजिनिअरांच्या समितीने ठरवलेली मापांच्या अचूकपणाची प्रत आहे. १, ३, ५, ७, ९ अशी. तो वेगाचा आकडा नव्हे. साधं गणित करा. ८० मिलिमीटर व्यासाचं चाक, मूल ताशी २० किलोमीटर वेगाने जातंय, तर चाकाचे मिनिटाला सुमारे १३०० फेरे होतात. स्केट्समध्ये साधारणपणे असतं ते ६०८ क्रमांकाचं बेअरिंग याच्या कितीतरी पट फेरे सहज सोसतं. आठ वर्षांच्या मुलाला नऊ नंबरच्या बेअरिंगने काय फरक पडणार? फरक पडतो तो धूळ आणि गंज नसल्याने.

आणखी एक. नव्या बेअरिंगमध्ये बहुतेक वेळा घट्ट ग्रीस भरलेलं असतं. म्हणून हाताने चाक फिरवलं की ते चटकन थांबतं. लगेच बाबा म्हणतात, "जाम आहे," आणि पहिल्याच दिवशी ते ग्रीस धुऊन काढतात. अहो, काही तास चालू द्या, आपोआप मोकळं होतं. ते ग्रीस धुळीपासून राखण करायलाच घातलेलं आहे.

आता तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. देखभाल कोणी करायची?

आमच्या लहानपणी पुण्यात घरोघरी सायकल होती. रविवारी सकाळी ती उलटी करून पुसायची, चेनला तेल द्यायचं, हे घरातल्या पोरांचं काम. वर्षातून एकदा ती दुकानात ‘ओव्हरऑइल’ला जायची. (मूळ शब्द ओव्हरहॉल. आपण त्यात तेल ओतून त्याला मराठी केलं!) आज काही क्लासमध्ये स्केट्सच्या ‘सर्व्हिसिंग’चे वेगळे पैसे घेतात. मूल बाकावर पाय सोडून बसतं, दादा येऊन बोल्ट पिळतो, आई बकल लावते. मुलाने फक्त पळायचं.

अशाच एका सर्व्हिसिंगहून नातीचे स्केट्स परत आले तेव्हा एक चाक फिरेना. क्लासमध्ये म्हणाले, "बेअरिंग गेलं, नवं घ्या." नातीने घरी चाक काढलं. प्रत्येक चाकात दोन बेअरिंग असतात आणि त्यांच्यामध्ये एक छोटी नळी. या चाकातली नळीच गायब होती. त्यामुळे बोल्ट आवळला की दोन्ही बेअरिंग आतल्या बाजूला दाबली जाऊन चाक अडकत होतं. बेअरिंग उत्तम होतं. दहा वर्षांच्या मुलीला जे दिसलं ते पैसे घेणाऱ्याला दिसलं नाही, कारण तिने ते चाक पूर्वी स्वतः उघडलेलं होतं. मंडळी, मी ज्याला शिक्षण म्हणते ते हे.

काम फार नाही. आठवड्याला १५ मिनिटं. बाहेर काढण्यापूर्वी प्रत्येक चाक धरून डावी-उजवीकडे हलवून बघायचं. खुळखुळलं तर किल्लीने आवळायचं (बहुतेक स्केट्सना ४ मिलिमीटरची अ‍ॅलन की चालते), फिरायचंच थांबलं तर जास्त पिळलं आहे. नव्या स्केट्सचे बोल्ट पहिल्या फेरीआधी आणि नंतरही तपासायचे. टाचेमागचा ब्रेक खुणेपर्यंत झिजला की बदलायचा. चाकं आतल्या कडेला जास्त झिजतात, म्हणून अधूनमधून जागा बदलायच्या. उजव्या बुटाचं पहिलं चाक डाव्यात तिसऱ्या जागी, दुसरं चौथ्या, तिसरं पहिल्या, चौथं दुसऱ्या. डाव्याची उजव्यात तशीच. चाक न उलटता पलीकडे नेलं की झिजलेली कड आपोआप बाहेर येते. अस्तर काढून सावलीत वाळवायचं. पावसाळ्यात पार्किंगच्या डबक्यात चाकं भिजली तर त्याच दिवशी पुसून, बेअरिंग काढून कोरडी करायची आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक-एक थेंब द्यायचा. पाण्याने धुवायची नाहीत. बेअरिंग सोळा असतात, मोजून परत ठेवायची!

"मुलांना वेळ कुठे आहे?" स्केटिंगला रोज तास मिळतो, तर आठवड्याला १५ मिनिटं मिळतील. "लागलं म्हणजे?" सैल चाकावरून पडून जे लागेल त्यापेक्षा किल्लीने नक्कीच कमी लागेल. "आमच्या मुलाला चॅम्पियन करायचंय, मेकॅनिक नाही." जरूर करा. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या मुलांनी रिलेत कांस्यपदक मिळवलं, त्या चौघांत विक्रम इंगळे आणि सिद्धांत कांबळे ही दोन मराठी नावं होती. त्याच संघातला आनंदकुमार वेलकुमार २०२५ मध्ये १००० मीटरचा जगज्जेता झाला. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण पार्किंगमधल्या २५ मुलांपैकी २४ जण जगज्जेते होणार नाहीत, हे मला शिक्षिका म्हणून ठाऊक आहे. त्या २४ जणांना या खेळातून काय मिळणार? आपली वस्तू कशी चालते, कुठे बिघडते, आणि ती आपल्या हातांनी दुरुस्त होऊ शकते एवढी जाण जरी मिळाली तरी फी वसूल झाली.

म्हणून माझी मागणी एकच. स्केट्स मुलाचे असतील तर किल्लीही मुलाचीच असू द्या. सरांच्या पिशवीत नको, बाबांच्या टूलबॉक्समध्येही नको. आणि आमच्या भाचे-पुतण्यांनो, वाढदिवसाला नातवंडांसाठी स्केट्स घेणार असाल तर मला आधी फोन करा. मोजपट्टी घेऊन येईन.

असो. बाईंचा तास नेहमीप्रमाणे लांबला. पटलं तर घ्या, नाही पटलं तर भांडा. पण भांडायला येण्यापूर्वी एकदा मुलाची टाच भिंतीला लावून पाऊल मोजून या.