बसवलेल्या यंत्राची हमी

माणसाच्या शरीरात यंत्र बसवणाऱ्याने त्याच्या देखभालीची हमी रुग्णाच्या हयातीपर्यंत दिलीच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. न्यूरालिंकने जानेवारी २०२४ मध्ये माणसाच्या मेंदूत चिप बसवली तेव्हापासून यंत्र माणसाचा ताबा घेईल काय, एवढीच चर्चा चालते. विज्ञानकथांनी लावलेली ही सवय. प्रत्यक्षात घडले ते उलटेच. ‘आर्गस २’ हे कृत्रिम दृष्टीचे यंत्र जगभरात साडेतीनशेहून अधिक जणांना बसवणाऱ्या सेकंड साइट या अमेरिकी कंपनीने त्याचे उत्पादनच गुंडाळले आणि डोळ्यातले यंत्र बिघडलेल्यांना दाद मागायला जागा उरली नाही. यंत्राने माणूस गिळला नाही, टाकून दिला.

हा प्रश्न केवळ अमेरिकेचा नव्हे. केंद्राच्या एडिप योजनेतून कर्णबधिर बालकांना कॉक्लिअर इम्प्लांट मिळते. पण कानावरचा प्रोसेसर बिघडला की आत बसवलेला भाग निरुपयोगी. हिंगोली जिल्ह्यातील पूर्णाकाठच्या सिद्धेश्वरमधील मजूर कुटुंबाने त्याचे सुटे भाग कोठून आणायचे? कंपन्यांना हमीच्या अटी घातल्यास किमती वाढतील, हा आक्षेप खोटा नाही. मात्र ती वाढ सरकारने खरेदीतच सोसणे वेगळे आणि पालकांनी पुढे कर्ज काढून भरणे वेगळे. सुटे भाग किती वर्षे मिळतील हे निविदेतच लिहून घ्यावे, दुरुस्तीची सोय हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत आणावी आणि कंपनी बंद पडल्यास यंत्राचे तांत्रिक आराखडे सरकारच्या हाती यावेत. पुढची खरेदी त्यानंतरच व्हावी.