एका भावपत्रकाची प्रतिष्ठा

फ्रान्समधील तांबड्या वाइनसंबंधीं आपल्याकडील सुशिक्षितांत अलीकडे बरेंच बोलणें होऊं लागलें आहे. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. ज्यांस मद्य निषिद्ध वाटतें त्यांनीं हा लेख खुशाल ओलांडून पुढें जावें; त्यांच्याशीं येथें आमचा वाद नाहीं. वाद आहे तो जे पितात, परंतु जिभेनें न पितां लेबलानें पितात, त्यांच्याशीं. 'लाफित', 'मार्गो' हीं नांवें उच्चारतांच ज्यांचा आवाज गंभीर होतो आणि 'मिनर्व्हुआ' म्हणतांच ज्यांच्या भुंवया वर चढतात, त्या रसिकांना एक प्रश्न विचारावासा वाटतो : हा उच्चनीचभाव आपण कोठून आणला?

उत्तर ठरलेलें असतें : 1855 च्या वर्गवारींतून. तर मग ती वर्गवारी काय आहे तें एकदां नीट पाहूं. त्या सालीं तिसऱ्या नेपोलियनच्या अमदानींत पॅरिस येथें मोठें प्रदर्शन भरलें. त्यासाठीं बोर्दो शहराच्या व्यापारी मंडळानें दलालांकडून यादी मागविली, आणि दलालांनीं मेदोकमधील मळे, व ग्राव्हमधील एक, असे पांच वर्गांत मांडून दिले. कशावरून? त्या वेळीं पेले चाखून नव्हे. ज्या मळ्याच्या मालाला वर्षानुवर्षें जो भाव येत आला त्यावरून. म्हणजे जें दलालांचें भावपत्रक होतें त्यालाच पुढें रसशास्त्राचें सूत्र मानण्यांत आलें! त्यानंतर लक्षांत राहण्याजोगा बदल काय तो एक : 1973 सालीं मूतों-रोत्शील्द दुसऱ्या वर्गांतून पहिल्यांत चढलें. दरम्यान मालक बदलले, त्याच हद्दींतील शेजारच्या जमिनी विकत घेऊन मळ्यांना जोडण्यांत आल्या. पण वर्ग मळ्याच्या नांवाला चिकटलेला असल्यामुळें नव्या जमिनीलाही तें श्रेष्ठत्व आपोआप लाभलें. जातीच्या अभिमानाचा उपहास करणारे आमचे सुधारक मित्र या जन्मसिद्ध श्रेष्ठतेपुढें मात्र निमूटपणें मान तुकवितात.

यावर दुसऱ्या टोकाचे लोक म्हणतात, मग चाखणें हें सारेंच थोतांड आहे. ते बोर्दो येथील एका प्रयोगाचा दाखला देतात. 2001 सालीं तो प्रसिद्ध झाला. वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्यें वासहीन तांबडा रंग मिसळून दिला, आणि त्यांनीं तिचें वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केलें. प्रयोग खरा, अनुमान खोटें. डोळा नाकास फसवितो एवढेंच त्यावरून सिद्ध होतें. नाक निरुपयोगी आहे हें नव्हे. मग उपाय सरळ आहे : डोळ्याला कांहीं दाखवूं नये. 1976 च्या मे महिन्यांत स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्यानें पॅरिसमध्यें नांवें लपवून नऊ फ्रेंच परीक्षकांपुढें वाइन ठेवली. तांबड्यांत पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाच्या 'स्टॅग्ज लीप'ला मिळाला, आणि तीनच वर्षांपूर्वीं पहिल्या वर्गांत चढलेलें मूतों दुसरें आलें. नांव झांकतांच जिभेला कंठ फुटला.

आतां, बेताच्या किंमतींत चांगलें कोठें शोधावें? जेथें प्रतिष्ठा पोंचलेली नाहीं तेथें. बोजोलेचें उदाहरण घ्या. 1395 सालीं बर्गंडीचा ड्यूक फिलिप यानें गामे नांवाच्या द्राक्षाला दुष्ट व बेइमान ठरवून त्याच्या वेली उपटून टाकण्याचा हुकूम काढला. पिनो नुआरला दरबारांत मान मिळाला. गामेनें दक्षिणेस, बोजोलेच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर आपला संसार थाटला. मोर्गों किंवा मुलँ-आ-व्हाँ येथील चांगल्या वर्षाची वाइन दहा वर्षें सहज टिकते. तरी तिची किंमत बर्गंडीच्या नांवाजलेल्या गांवांच्या कितीतरी खालीं. याला कारण एक तो जुना कलंक, आणि दुसरें, नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारीं घाईनें बाजारांत येणाऱ्या कोवळ्या बोजोलेची उथळ ख्याति.

लांगदोकची कथा अधिक करुण आहे. या प्रांतानें पिढ्यान्‌पिढ्या मजुरांच्या पेल्यांसाठीं माल पिकविला. 1907 सालीं भाव कोसळले तेव्हां मळेवाल्यांनीं प्रचंड सभा भरविल्या, नार्बोन येथें सैन्याच्या गोळीबारांत माणसें मेलीं. आज त्याच प्रांतांत, फोजेर आणि सँ-शिनियाँ येथें, कारिन्याँच्या जुन्या वेली राखून, मुद्दाम थोडें पीक घेऊन वाइन करणारे लोक आहेत. त्यांचें वर्गवारींत नांव नाहीं, म्हणून लेबलवाल्या रसिकाच्या लेखीं ते नाहींतच. काओरचें मालबेक, मादिराँचें ताना, शिनोंचें काबर्ने फ्राँ यांचीही तीच अवस्था.

अगदीं स्वस्त तेंच घ्यावें, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. बाटली, बूच, खोकें, वाहतूक यांचा खर्च स्वस्त-महाग दोहोंवर जवळजवळ सारखाच. म्हणून सर्वांत स्वस्त बाटलींत द्राक्षाच्या वांट्याला फारच थोडे पैसे येतात. दोन पायऱ्या वरची घ्यावी. त्याच्या पुष्कळ पुढें गेल्यावर वाढतो तो बहुधा नांवाचा भाव.

आपली जीभ यासाठीं घडलेली नाहीं, असें एका विद्वान गृहस्थांनीं आम्हांस मोठ्या खेदानें सांगितलें. नवल वाटतें! तांबड्या वाइनचा कणा म्हणजे तुरटपणा. इंग्रजाला त्यासाठीं ग्रंथांतला जड शब्द काढावा लागतो. जांभळें आणि आंवळे खाल्लेल्या आपल्या पोरालाही तो कळतो, आणि आपल्या षड्रसांत कषायाला स्वतंत्र आसन आहे. घोट तोंडांत फिरवावा, थुंकावा, आणि मागें काय उरतें तें पाहावें. तुरटपणा हिरड्या खरवडून जातो, कीं फळाच्या स्वादाबरोबर हळूहळू मावळतो? उरलेली अर्धी बाटली बूच लावून ठेवावी व दुसऱ्या दिवशीं पुन्हां चाखावी. चांगली वाइन बहुधा टिकून असते, कधीं अधिक खुलतेही. नुसती नटविलेली असेल तर लांकडाचा वास तेवढा शिल्लक राहतो.

'खोलींतल्या उष्णतेवर प्यावी' हा नियम युरोपांतील थंड खोल्यांचा आहे. पुण्याच्या एप्रिलमध्यें तो पाळणें म्हणजे वाइनचा काढा करणें. 16 ते 18 अंश पुरे, मोर्गोंला त्याहूनही थोडे कमी. म्हणून बाटली तासभर फ्रिजमध्यें ठेवावी, लेबलावर फडकें गुंडाळावें, आणि मित्रांनीं भाव विचारलाच तर पेले रिकामे झाल्यावर सांगावा.