रुपयाचं बटण दाबू नका

परवा कात्रक रोडवर, विठ्ठल मंदिराच्या अलीकडेच, शेजारच्या काकू भेटल्या. नुकत्याच दुबईहून परतलेल्या. ‘तिकडचं कार्डाचं मशीन चक्क विचारतं हो, रुपयांत देता का!’ हे त्यांनी इतक्या कौतुकानं सांगितलं, की मला तिथंच शिकवणी सुरू करावी लागली. परक्या दुकानात रुपयाचा आकडा दिसला की गाववाला भेटल्यासारखं वाटतं, कबूल. पण त्या आकड्यामागचा चलनाचा भाव आपली बँक ठरवत नाही. तो दुकानदाराच्या बाजूनं ठरतो आणि त्यात त्यांची कमाई मिसळलेली असते. वर, दुकान परदेशी म्हणून आपल्या अनेक बँका त्या रुपयांतल्या बिलावरही शुल्क लावतात. म्हणजे दोन्हीकडून कात्री. तेव्हा दिरहॅम, बाथ, युरो, जिथलं जे असेल तेच दाबायचं, एटीएमवरही तेच. (रुपयाच हवा असेल तर काकूंनी १९६६ च्या आधी जायला हवं होतं, तोवर दुबईत आपल्या रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी खास छापलेला रुपया चालायचा.) राहिला आपल्याच कार्डाचा मार्कअप, म्हणजे परक्या चलनातल्या खरेदीवरचं बँकेचं शुल्क. तो साडेतीन टक्के धरा, त्यावर १८ टक्के जीएसटी, की दहा हजारांच्या खरेदीवर ४१३ रुपये गेले. मार्कअप न घेणारी कार्डंही मिळतात, पण बँक ते आपणहून कशाला सांगेल? आणि विमानतळावरच्या काउंटरवर नोटा बदलणं हा निव्वळ आळस आहे. निघण्याआधी फोर्टात दोन-तीन ठिकाणी भाव विचारा; विचारायला फी नाही.